आपत्तीनंतर नभोवाणी केंद्र सुरू ठेवणे : तांत्रिक आणि संघटनात्मक विचार

सारांश

भूकंप, चक्रीवादळ व महापूर यांसारख्या आपत्तींत वीज, दूरध्वनी आणि मोबाइल सेवा एकाच वेळी कोलमडतात. अशा प्रसंगी बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ संच हे माहितीचे अखेरचे साधन उरते; मात्र त्यासाठी नभोवाणी केंद्र सुरू असावे लागते. केंद्र सुरू राहण्यासाठी कोणत्या घटकांची साखळी अखंड राहावी लागते, ती कोठे तुटते आणि तुटल्यावर कशी सांधता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात न्यू ऑर्लिन्स (२००५), प्वेर्तो रिको (२०१७) आणि कोबे (१९९५) येथील अनुभवांच्या आधारे केला आहे. अखेरीस महाराष्ट्रातील परिस्थितीच्या संदर्भात काही सूचना मांडल्या आहेत.

१. प्रस्तावना

नैसर्गिक आपत्तीत माणसाला अन्न, पाणी व निवारा यांच्याइतकीच माहितीची गरज असते. धरणाचे पाणी किती वाढले, कोणता रस्ता खुला आहे, पिण्याचे पाणी कोठे मिळते, दवाखाना कोठे सुरू आहे, या प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळाली नाहीत तर वाचलेली माणसेही पुन्हा संकटात सापडतात. शिवाय माहितीची जागा फार काळ मोकळी राहत नाही. विश्वसनीय आवाज थांबला की तेथे अफवा शिरते.

या विधानाची सर्वांत भीषण साक्ष जपानच्या इतिहासात आढळते. १ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कान्तो भूकंपाने तोक्यो व योकोहामा ही शहरे उद्ध्वस्त झाली. वृत्तपत्रांचे छापखाने बंद पडले आणि जपानमध्ये तोवर नभोवाणी सुरू झालेली नव्हती. कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत, आगी लावत आहेत, अशा अफवा पसरल्या आणि त्यांतून कोरियन रहिवाशांच्या हत्या झाल्या. मार्च १९२५ मध्ये जपानमध्ये नभोवाणीचे प्रसारण सुरू झाले. त्यामागील निकडीला या अनुभवाचीही पार्श्वभूमी होती. आपत्तीनंतर केंद्र सुरू ठेवणे हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२. प्रक्षेपणाची साखळी

सामान्य श्रोत्याच्या दृष्टीने नभोवाणी केंद्र म्हणजे एक इमारत आणि तिच्यातील निवेदक. वस्तुतः केंद्राची रचना साखळीसारखी असते. स्टुडिओत निर्माण झालेला ध्वनी एखाद्या दुव्यामार्फत, म्हणजे दूरध्वनीची तार, प्रकाशीय तंतू, सूक्ष्मलहरी किंवा उपग्रह यांपैकी एखाद्या मार्गाने, प्रक्षेपकापर्यंत जातो. प्रक्षेपक त्याला शक्तिशाली विद्युतसंकेताचे रूप देतो आणि मनोऱ्यावरील अँटेनातून तो रेडिओलहरींच्या स्वरूपात पसरतो. स्टुडिओ आणि प्रक्षेपक ही दोन्ही ठिकाणे अनेकदा परस्परांपासून कित्येक किलोमीटर दूर असतात. दोन्हीकडे वीज लागते आणि दोन्हीकडे माणसे पोचावी लागतात.

या साखळीचा कोणताही एक दुवा तुटला तरी परिणाम एकच होतो : श्रोत्याला केवळ खरखर ऐकू येते. प्रक्षेपक उत्तम स्थितीत असूनही स्टुडिओपासून येणारी तार पुरात गेली, तर केंद्र मुके होते. दोन्ही सुस्थितीत असूनही डिझेल संपले, तरी केंद्र मुके होते. म्हणूनच केंद्राच्या सज्जतेचा विचार करताना सर्वांत महागडे यंत्र कोणते, हे पाहण्यापेक्षा सर्वांत कच्चा दुवा कोणता, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. अनुभव असा की, हा कच्चा दुवा बहुधा साध्या गोष्टींत असतो.

३. वीज आणि इंधन

आपत्तीत प्रथम जाते ती वीज. त्यानंतर केंद्राचे आयुष्य जनित्राच्या टाकीत किती डिझेल आहे, यावर ठरते. ५० किलोवॉट शक्तीचा मध्यमलहरी प्रक्षेपक घेतला, तर यंत्रातील ऊर्जाव्यय, थंडाव्याची व्यवस्था आणि स्टुडिओ यांसह एकूण मागणी सुमारे ८० किलोवॉटपर्यंत जाऊ शकते. ढोबळ हिशेबाने त्यासाठी ताशी २० ते २५ लिटर, म्हणजे दिवसाला ५०० ते ६०० लिटर डिझेल लागते. २००० लिटरची टाकी भरलेली असली, तरी ती साडेतीन-चार दिवसांत रिकामी होते. महापुरात रस्ते त्याहून अधिक काळ बंद राहू शकतात.

येथे भौतिकशास्त्राचा एक नियम केंद्राच्या मदतीला येतो. प्रक्षेपणाची शक्ती एक चतुर्थांश केली, तर श्रोत्याकडे पोचणाऱ्या लहरीची क्षेत्रतीव्रता एक चतुर्थांश होत नाही, निम्मी होते. म्हणजेच ५० ऐवजी साडेबारा किलोवॉटवर प्रक्षेपण केल्यास दूरच्या श्रोत्यांचे ऐकणे काहीसे अवघड होते. परंतु आपद्ग्रस्त शहर व त्याचा परिसर यांना आवाज स्पष्ट मिळत राहतो. इंधनाचा खर्च मात्र निम्म्याहून पुष्कळ खाली येतो आणि तीच टाकी आठ-दहा दिवस पुरू शकते. शक्ती केव्हा कमी करावयाची, हा निर्णय टाकी भरलेली असतानाच घ्यावा लागतो. टाकी तळाला गेल्यावर तो घेऊन उपयोग होत नाही.

यालाच जोडून एक व्यावहारिक अडचण आहे. मोठे जनित्र फार हलक्या भारावर दीर्घकाळ चालवले, तर ते अकार्यक्षम ठरते आणि त्याच्या इंजिनात अर्धवट जळलेले इंधन साचू लागते. त्यामुळे कमी शक्तीच्या प्रक्षेपणासाठी वेगळे लहान जनित्र असणे श्रेयस्कर. जनित्र तळघरात असेल तर पुराच्या पहिल्याच तासात ते निकामी होते. ते उंचावर असले, पण डिझेलचा पंप खाली राहिला, तरीही परिणाम तोच होतो.

लहान केंद्रांचे गणित वेगळे आणि अधिक सोयीचे असते. शंभर वॉटच्या एफएम केंद्राची एकूण गरज काटकसरीने ३०० वॉटच्या आसपास ठेवता येते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १८०० वॉट-तास ऊर्जा असते. बॅटरीचे आयुष्य जपण्यासाठी त्यातील निम्मी वापरली, तरी एका बॅटरीवर तीन तास प्रक्षेपण होते. अशा चार बॅटऱ्यांवर बारा तास मिळतात. शिवाय दर तासाच्या आरंभी केवळ पंधरा मिनिटे प्रक्षेपण करून उरलेला वेळ यंत्र बंद ठेवल्यास हाच साठा सुमारे दोन दिवस पुरतो. श्रोत्यांना ठराविक वेळा आधी ठाऊक असतील, तर त्यांच्याही संचातील सेल वाचतात.

४. मनोरा, पाणी आणि लहरींचा स्वभाव

मध्यमलहरी आणि एफएम या दोन पद्धतींची बलस्थाने भिन्न आहेत. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. म्हणून तिचा अँटेना उंच जागी लागतो आणि पोच क्षितिजापुरती मर्यादित राहते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले, तर हे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. १०० मीटर उंचीसाठी ते सुमारे ४१ किलोमीटर, तर २५ मीटरसाठी सुमारे २० किलोमीटर येते. मनोरा वादळात पडला, तरी लहान एफएम अँटेना एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर खांबाला बांधून काही तासांत प्रक्षेपण पुन्हा सुरू करता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

मध्यमलहर जमिनीच्या पृष्ठभागाला धरून दूरवर जाते आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरते. स्थलांतरित झालेल्या लोकांना आपल्या गावाची वार्ता दूरच्या शहरात ऐकता येते ती या गुणामुळे. मात्र मध्यमलहरींत संपूर्ण लोखंडी मनोराच अँटेना म्हणून काम करतो. तो बहुधा विसंवाहक पायावर उभा असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारांचे जाळे जमिनीत पुरलेले असते. असा मनोरा गच्चीवर उभारता येत नाही. ओलसर, सखल जमीन विद्युतवहनाला अनुकूल म्हणून मध्यमलहरी मनोऱ्यांसाठी पसंत केली जाते. पुराचे पाणीही प्रथम तेथेच येते. पाणी विसंवाहकापर्यंत किंवा पायथ्याच्या जुळवणी यंत्रणेपर्यंत चढले, की प्रक्षेपण थांबवावेच लागते. त्यामुळे ही यंत्रणा चौथऱ्यावर, ज्ञात पूररेषेच्या वर बसवणे हाच त्यावरील उपाय होय.

५. न्यू ऑर्लिन्स, २००५

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचे पूरसंरक्षक बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. या परिसरातील ४१ नभोवाणी केंद्रांपैकी अवघी ४ केंद्रे सुरू राहिली. त्यांपैकी डब्ल्यूडब्ल्यूएल हे ८७० किलोहर्ट्झवरील ५० किलोवॉटचे मध्यमलहरी केंद्र विशेष अभ्यसनीय आहे.

या केंद्राचा स्टुडिओ शहराच्या मध्यभागी एका उंच इमारतीत होता. वादळाने तेथील खिडक्या फोडल्या, तेव्हा निवेदक गार्लंड रॉबिनेट यांनी एका लहान कोठडीवजा खोलीत आसरा घेऊन प्रसारण चालू ठेवले. पाणी वाढू लागल्यावर कर्मचाऱ्यांना शहर सोडावे लागले. शेजारच्या जेफरसन परगण्यातील आपत्ती नियंत्रण केंद्रातून काही काळ प्रसारण झाले आणि नंतर ते बॅटन रूज या शहरात हलवण्यात आले. या काळात स्टुडिओ तीन ठिकाणी फिरला. प्रक्षेपक मात्र मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर, बांधफुटीच्या मुख्य पुरापासून बचावलेल्या भागात होता. स्टुडिओ आणि प्रक्षेपक वेगवेगळ्या ठिकाणी असणे एरवी अडचणीचे असते. येथे तेच तारक ठरले, कारण स्टुडिओला पर्यायी जागा मिळू शकली.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. बॅटन रूज येथे एंटरकॉम आणि क्लिअर चॅनेल या दोन स्पर्धक कंपन्यांनी आपले कर्मचारी आणि यंत्रसामग्री एकत्र आणून ‘युनायटेड रेडिओ ब्रॉडकास्टर्स ऑफ न्यू ऑर्लिन्स’ या नावाने संयुक्त प्रसारण सुरू केले. तोच कार्यक्रम अनेक केंद्रांवरून आणि लघुलहरींवरूनही ऐकू येऊ लागला. एका केंद्राचा प्रक्षेपक, दुसऱ्याचा स्टुडिओ आणि दोघांचे निवेदक अशी ही जोडणी होती. एकट्या केंद्राला जी साखळी अखंड राखता आली नसती, ती शिल्लक राहिलेल्या कड्या जोडून तयार झाली.

पाण्याने वेढलेल्या घरांतून लोक केंद्राला दूरध्वनी करीत आणि निवेदक त्यांना धीर देत. १ सप्टेंबरच्या रात्री महापौर रे नेगिन यांनी रॉबिनेट यांच्याशी बोलताना मदतीच्या विलंबाबद्दल संघराज्य शासनावर कठोर टीका केली. ही मुलाखत देशभर पुनःप्रसारित झाली. केंद्र सुरू असणे म्हणजे शासनाचा निरोप लोकांपर्यंत जाणे एवढेच नसून लोकांचा आवाज शासनापर्यंत जाणेही होय, हे यातून दिसून आले.

६. प्वेर्तो रिको, २०१७

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिको बेटाची संपूर्ण वीजव्यवस्था बंद पाडली. सुमारे ९५ टक्के मोबाइल मनोरे निकामी झाले. अशा स्थितीत सान हुआनचे ‘वापा रादियो’ हे ६८० किलोहर्ट्झवरील मध्यमलहरी केंद्र अखंड सुरू राहिले. दूरध्वनी नसल्याने लोक स्वतः केंद्रावर येऊन आप्तांसाठी निरोप देऊ लागले. आधुनिक दळणवळणाचे जाळे परस्परावलंबी असते. एक मनोरा दुसऱ्यावर, दुसरा तंतूवर, तंतू विजेवर अवलंबून असतो. नभोवाणीचे एक केंद्र मात्र स्वतःच्या जनित्रावर, एकाच मनोऱ्यावरून लक्षावधी संचांशी थेट बोलू शकते. श्रोत्यांची संख्या वाढल्याने त्याच्यावरचा ताण वाढत नाही. मोबाइल जाळे गर्दीने कोंडते, रेडिओ कोंडत नाही, यामागील कारण हेच.

७. कोबे, १९९५ : नव्याने उभारलेली केंद्रे

जुने केंद्र वाचवणे हा एक मार्ग झाला. आपत्तीनंतर नवे केंद्र उभारणे हा दुसरा. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या कोबे परिसरात झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. फेब्रुवारीत ह्योगो प्रांत प्रशासनाने ‘एफएम ७९६ फिनिक्स’ हे जपानमधील पहिले तात्पुरते आपत्कालीन केंद्र सुरू केले. मार्चअखेर त्याचे कार्य संपले.

त्याच शहरात नागाता या कारखानदारी वस्तीत वेगळ्या स्वरूपाचा प्रयत्न झाला. तेथे कोरियन व व्हिएतनामी रहिवासी मोठ्या संख्येने होते आणि जपानी भाषेतील सूचना अनेकांना समजत नव्हत्या. कोरियन समाजाच्या मनात १९२३ च्या हत्यांची स्मृती जिवंत होती. जानेवारीअखेर ‘एफएम योबोसेयो’ हे कोरियन व जपानी भाषांतील लहान केंद्र आणि एप्रिलमध्ये ताकातोरी येथील कॅथलिक चर्चच्या आवारात व्हिएतनामी व इतर भाषांसाठी ‘एफएम युमेन’ हे केंद्र सुरू झाले. आरंभी या केंद्रांकडे परवाना नव्हता. भूकंपाला सहा महिने पूर्ण होताना, १७ जुलै १९९५ रोजी, दोन्ही मिळून ‘एफएम वाइवाइ’ हे केंद्र झाले आणि १७ जानेवारी १९९६ रोजी त्याला सामुदायिक केंद्राचा परवाना मिळाला.

या अनुभवातून जपानमध्ये अशा केंद्रांची वाट सुकर झाली. आपद्ग्रस्त नगरपालिकेने मागणी करताच प्राथमिक परवानगी तत्काळ, प्रसंगी दूरध्वनीवरूनही दिली जाते. कागदपत्रे मागाहून होतात. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर या पद्धतीने सुमारे ३० तात्पुरती केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी ओनागावा या त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या गावचे केंद्र मार्च २०१६ पर्यंत चालले. पाणी ओसरल्यावर आपत्ती संपत नाही आणि पुनर्वसनाच्या काळातही स्थानिक माहितीची गरज टिकून राहते, हे त्या पाच वर्षांवरून लक्षात येते.

८. काय सांगावे, कसे सांगावे

यंत्रणा सुरू राहिली तरी सूक्ष्मलहरींपासून मनोऱ्यापर्यंतचा हा सारा खटाटोप शेवटी निवेदकाच्या शब्दावर येऊन ठरतो. न्यू ऑर्लिन्समधील निवारा केंद्रांत घडत असल्याचे सांगितलेल्या हिंसाचाराच्या अनेक कथा पुढे अतिरंजित किंवा निराधार ठरल्या. त्या वेळी त्या माध्यमांतून सर्वत्र पसरल्या होत्या आणि त्यांचा मदतकार्यावरही प्रतिकूल परिणाम झाला. म्हणून आपत्कालीन प्रसारणात काही पथ्ये आवश्यक ठरतात. प्रत्येक माहितीसोबत ती कोणी दिली आणि केव्हाची आहे, हे सांगावे. पडताळणी न झालेली गोष्ट सांगणे अपरिहार्य असेल, तर ती तशी असल्याचे स्पष्ट म्हणावे. चुकीची ठरलेली सूचना गुपचूप गाळू नये. ती रद्द झाल्याचे पुन्हा पुन्हा सांगावे, कारण पहिली सूचना ऐकलेला श्रोता दुसऱ्या वेळी रेडिओजवळ असेलच असे नाही.

मनुष्यबळाचा प्रश्नही येथेच येतो. केंद्राचे कर्मचारी त्याच शहरात राहणारे, म्हणजे स्वतःही आपद्ग्रस्त असतात. कुटुंबाची सुरक्षितता निश्चित झाल्याशिवाय त्यांच्याकडून सलग कामाची अपेक्षा करणे अन्यायाचे आणि धोक्याचेही आहे. थकलेला निवेदक चुका करतो. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी निवारा, मुक्कामाची सोय, पाणी व कोरडा शिधा यांची तरतूद ही जनित्राइतकीच केंद्राच्या सज्जतेची बाब मानली पाहिजे.

९. भारत आणि महाराष्ट्र

भारतातही हा प्रश्न नवा नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलम नदीच्या पुराने श्रीनगरमधील नभोवाणी केंद्र पाण्यात गेले. सर्वाधिक गरज असताना प्रसारण खंडित झाले आणि पुढे तात्पुरत्या व्यवस्थेतून ते पुन्हा सुरू करावे लागले. महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २६ जुलै २००५ ची मुंबईची अतिवृष्टी, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर आणि जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर अनुभवला आहे.

आकाशवाणीच्या जिल्हापातळीवरील केंद्रांखेरीज राज्यात सामुदायिक केंद्रांची भर पडली आहे. शैक्षणिक संस्थांना अशी केंद्रे चालवण्याची मुभा २००२ च्या धोरणाने मिळाली आणि २००६ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांनाही देण्यात आली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’, म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ ही त्यांतील परिचित नावे. अशा केंद्राची प्रभावी प्रारित शक्ती सामान्यतः १०० वॉटपर्यंत मर्यादित असते. ही मर्यादा आपत्तीच्या दृष्टीने उणीव वाटली, तरी वर दिलेल्या हिशेबानुसार तीच त्याची शक्तीही ठरू शकते, कारण मोजक्या बॅटऱ्यांवर किंवा सौर पट्ट्यांवर ते चालू शकते.

बातम्यांच्या प्रसारणावर सामुदायिक तसेच खासगी एफएम केंद्रांवर निर्बंध आहेत. खासगी एफएमबाबतच्या २०११ च्या धोरणात मात्र स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या नैसर्गिक आपत्तीविषयक सूचना बातम्यांत गणल्या जात नाहीत. ‘प्रशासनाने पुरवलेल्या’ ही अट पाहता केंद्र आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांच्यातील संपर्क आपत्तीपूर्वीच निश्चित व्हावयास हवा. दूरध्वनी बंद असताना सूचना केंद्रापर्यंत कशी येईल, बिनतारी संचावर की दूताकरवी, हे ठरलेले नसेल, तर सुरू असलेल्या केंद्राकडेही सांगण्यासारखे काही उरणार नाही.

या सर्व विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतात. प्रत्येक केंद्राने पावसाळ्यापूर्वी वर्षातून एकदा बाहेरची वीज बंद करून संपूर्ण दिवस जनित्रावर प्रक्षेपण करून पाहावे. पर्यायी स्टुडिओची जागा निश्चित करून तेथून एकदा तरी प्रत्यक्ष प्रसारण करावे; प्रक्षेपकाच्या खोलीत एक ध्वनिक्षेपक आणि साधा ध्वनिमिश्रक कायम ठेवला, तर दुवा तुटल्यावर तेथूनच बोलता येते. शेजारच्या केंद्रांशी परस्पर साहाय्याचा लेखी करार असावा. तात्पुरत्या आपत्कालीन केंद्राला तत्काळ परवानगी देण्याची जपानसारखी तरतूद आपल्याकडेही विचारात घेतली जावी. आणि घरोघरी सेलवर चालणारा एक रेडिओ संच असावा, याचा प्रचार आपत्ती व्यवस्थापनाच्या शिक्षणात व्हावा. ऐकणाऱ्याकडे संच नसेल, तर बाकीची सज्जता निष्फळ होय.

१०. समारोप

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम प्रसारण बंद करून अंकीय पद्धती स्वीकारली. अनेक देशांत मध्यमलहरी प्रक्षेपक खर्चाच्या कारणाने बंद होत आहेत. शांततेच्या काळातील श्रोतृसंख्या हाच निकष धरला, तर हे निर्णय समर्थनीय वाटतील. परंतु न्यू ऑर्लिन्स आणि प्वेर्तो रिको येथील केंद्रे ज्या दिवसांत लोकांच्या उपयोगी पडली, त्या दिवसांची नोंद श्रोतृसंख्येच्या कोष्टकात होत नाही. प्रक्षेपक मोडीत काढण्यापूर्वी, त्या परिसरातील वीज व मोबाइल एक आठवडा बंद राहिल्यास लोकांशी कोण व कशाच्या आधारे बोलेल, या प्रश्नाचे उत्तर नियोजनकर्त्यांनी लेखी स्वरूपात दिले पाहिजे. ते उत्तर मिळत नसेल, तर जुना मनोरा उभा ठेवणे आणि त्याच्या पायथ्याशी डिझेलची टाकी भरलेली ठेवणे, हा त्या परिसराच्या सुरक्षिततेसाठीचा अत्यल्प खर्च होय.